रोमन सैन्यतळांचे पुरातत्त्व आणि नाशिक परिसरातील प्राचीन छावण्या

शुभवर्तमानाच्या पानांवर रोमन सैनिक वारंवार भेटतो. कफर्णहूमचा शताधिपती आपल्या सेवकासाठी प्रभू येशूकडे विनवणी करतो, क्रुसाजवळ उभा असलेला शताधिपती साक्ष देतो आणि प्रेषितांच्या कृत्यांत कैसरियाचा कर्नेल्य आपल्या घराण्यासह बाप्तिस्मा घेतो. ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक मिस्साबलिदानात आपण जी प्रार्थना म्हणतो, तीही मुळात त्या पहिल्या शताधिपतीच्या तोंडची आहे. या सैनिकांचे तळ कसे होते, मातीखाली गेलेले ते तळ संशोधकांनी कसे शोधून काढले आणि त्यांतून आद्य ख्रिस्तसभेविषयी काय हाती लागले, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यालाही हा विषय परका नाही. रोमन साम्राज्य भरभराटीत असतानाच एका सैन्यछावणीतून निघालेली राजाज्ञा नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेली आहे, तर वणीच्या ताम्रपटात पुढील काळातील आणखी एका मुक्कामाचा उल्लेख आहे. त्यांचाही परामर्श येथे घेतला आहे.

तळाची रचना

रोमन सैन्य शत्रूच्या प्रदेशात कूच करीत असताना दिवसाच्या वाटचालीनंतर तळ उभारल्याशिवाय विसावत नसे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने या तळाची मापे तपशिलाने नोंदवली आहेत. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफस याने तर हे सैन्य प्रत्यक्ष पाहिले होते. प्रथम तो रोमनांविरुद्ध लढला आणि पुढे त्यांच्या आश्रयाने राहिला. जमीन उंचसखल असल्यास ती आधी सपाट केली जाई, चौकोनी जागा आखली जाई, चारही बाजूंना प्रवेशद्वारे ठेवली जात आणि आत रस्ते पाडले जात, असे तो लिहितो. गरज भासल्यास भोवती चार हात खोल व चार हात रुंद खंदक खणला जाई. क्षणार्धात एखादे नगर उभे राहावे तसा तो देखावा असे. निघण्याची तुतारी झाली की सैनिक तंबू उतरवीत आणि शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून तळाला आग लावून पुढे जात.

पुरातत्त्वज्ञाची अडचण येथूनच सुरू होते. देवालय, राजवाडा वा नगर टिकावे म्हणून बांधलेले असते, तर कूच करणाऱ्या सेनेचा तळ मोडण्यासाठीच उभारलेला असतो. चामड्याचे तंबू, लाकडी खुंट, मातीचा बांध यांपैकी काहीच शतकानुशतके जमिनीवर उभे राहत नाही. मागे राहतो तो बुजलेला खंदक, चुलींची राख आणि बुटांच्या तळव्यांतून निखळलेले लोखंडी खिळे.

सीमेवर कायमच्या वस्तीसाठी बांधलेल्या किल्ल्यांची गोष्ट वेगळी. त्यांत दगडी वा लाकडी बराकी, धान्यकोठारे, रुग्णालय, स्नानगृह आणि मध्यभागी सेनेची निशाणे ठेवण्याचे कार्यालय असे. मात्र तेही सोडून जाताना काळजीपूर्वक मोडले जात. स्कॉटलंडमधील इंचटुथिल येथे पहिल्या शतकाच्या अखेरीस सोडलेल्या अशा एका किल्ल्यात एका खड्ड्यात पुरून ठेवलेले सुमारे पावणेनऊ लाख लोखंडी खिळे सापडले. ते शत्रूच्या हाती पडून त्यांची शस्त्रे होऊ नयेत, एवढाच ते पुरण्यामागील हेतू असावा.

मातीतील खुणा वाचण्याची विद्या

या तळांचा पद्धतशीर अभ्यास प्रथम सैनिकांनीच केला, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. ब्रिटिश लष्करातील मोजणी अधिकारी विल्यम रॉय याने स्कॉटलंडमधील तळांचे नकाशे काढले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७९३ साली प्रसिद्ध झाला. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने ज्युलियस सीझरच्या अलेसिया येथील वेढ्याचे खंदक शोधण्यासाठी १८६१ ते १८६५ या काळात उत्खनन करविले. जर्मनीत १८९२ साली इतिहासकार थिओडोर मॉमसेन यांच्या पुढाकाराने साम्राज्याच्या सीमारेषेचा अभ्यास करणारा आयोग नेमला गेला. स्पेनमध्ये आडोल्फ शुल्टेन यांनी १९०५ पासून नुमान्शिया नगराभोवतीचे वेढ्याचे तळ खणून काढले.

या विद्येला खरी कलाटणी मिळाली ती विमानाने, आणि त्या कामात एका येशूसंघीय धर्मगुरूंचा वाटा फार मोठा आहे. बुजलेल्या खंदकात माती खोल व ओलसर असते. त्यामुळे तिच्यावरील पीक उंच वाढते आणि उन्हाळ्यात भोवतालचे पीक पिवळे पडले तरी ते हिरवे राहते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला हा फरक जाणवत नाही, पण आकाशातून पाहिल्यास शेतात चौकोन आखल्यासारखा दिसतो. जेथे पीकच नाही अशा वाळवंटात सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वीतभर उंचवट्याचीही लांब सावली पडते. फादर अँटोइन पॉइडबार्ड (१८७८–१९५५) यांनी हे सावलीचे तंत्र सीरियात वापरले. १९२५ ते १९३२ या काळात त्यांनी फ्रेंच हवाईदलाच्या विमानांतून वाळवंटावर फेऱ्या मारल्या, छायाचित्रे घेतली आणि मग उंटावरून वा मोटारीने त्या जागी जाऊन पाहणी केली. त्यांचा ग्रंथ १९३४ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाला आणि हवाई पुरातत्त्वाच्या आद्य ग्रंथांत त्याची गणना होते. पॉइडबार्ड यांनी ११६ किल्ले नोंदवले होते आणि ते पूर्वेकडील शत्रूला थोपविणारी उत्तर-दक्षिण संरक्षक रेषा असावी, असे त्यांचे मत होते.

जवळजवळ ९० वर्षांनी या मताची फेरतपासणी झाली. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या हेर-उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे पुढे संशोधनासाठी खुली करण्यात आली. जेसी कसाना व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या आधारे सीरिया व इराकमधील आणखी ३९६ किल्लेसदृश वास्तू ओळखल्या आणि हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध केला. या वास्तू एका उत्तर-दक्षिण रेषेत नाहीत, तर पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. त्यावरून, हे किल्ले सीमा बंद करण्यासाठी कमी आणि व्यापारी तांडे, प्रवासी व टपाल यांच्या सुरक्षित वाटचालीसाठी अधिक असावेत, असे अनुमान या संशोधकांनी काढले आहे. फादर पॉइडबार्ड यांचा निष्कर्ष आज मागे पडला असला, तरी त्यांची छायाचित्रे मागे पडलेली नाहीत. त्यांनी पाहिलेले कित्येक अवशेष नंतरच्या शेतीने व बांधकामाने नष्ट झाले असून त्यांची छायाचित्रे हाच त्यांचा उरलेला पुरावा आहे.

पवित्र भूमीतील तळ

जगात सर्वांत स्पष्ट दिसणारे रोमन वेढ्याचे तळ पवित्र भूमीत, मृत समुद्राच्या काठी मसादा येथे आहेत. यरुशलेमच्या पाडावानंतर यहुदी बंडखोरांनी या कड्याचा आश्रय घेतला होता. इ. स. ७३ वा ७४ मध्ये दहाव्या लीजनने त्याला वेढा घातला. वेढ्याची दगडी भिंत आणि तिच्या अनुषंगाने बांधलेले आठ तळ कोरड्या हवेमुळे आजही डोळ्यांनी पाहता येतात. नुमान्शियाचे उत्खनक शुल्टेन यांनी १९३२ साली येथेही पाहणी केली होती. वेढा दोन-तीन वर्षे चालला असावा, असा समज दीर्घकाळ होता. परंतु भिंतीची लांबी, दगडांचे प्रमाण व मजुरीचे दिवस यांचा हिशेब मांडून इस्रायली संशोधकांनी २०२४ साली हा काळ काही आठवड्यांवर आणला आहे.

एका गोष्टीचा खुलासा येथे आवश्यक आहे. प्रभू येशूच्या काळी गालील प्रांत हेरोद अंतिपाच्या अमलाखाली होता आणि तेथे रोमन लीजनची कायमची छावणी नव्हती. कफर्णहूम येथे सापडलेले रोमन पद्धतीचे स्नानगृह दुसऱ्या शतकातील आहे. म्हणून शुभवर्तमानातील तो शताधिपती हेरोदाच्या सेवेतील, परंतु यहुदी नसलेला अधिकारी असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. यामुळे त्या प्रसंगाचा अर्थ उणावत नाही. आपल्या घरी प्रभूने यावे अशी आपली योग्यता नाही, हे त्याचे म्हणणे यहुदी आणि परराष्ट्रीय यांच्यातील अंतर ध्यानात घेतले म्हणजे अधिकच उमगते.

लीजनची कायमची छावणी गालीलच्या दक्षिणेस, इज्रेल खोऱ्यातील मगिद्दोजवळ दुसऱ्या शतकात आली. त्या ठिकाणाचे नावच ‘लेगिओ’ पडले. येथे सहाव्या लीजनचा तळ होता. २०१३ पासूनच्या उत्खननांत त्याची तटबंदी, खंदक व मुख्यालयाचे अवशेष उघडे झाले आहेत. त्यापूर्वीच, २००५ साली, याच परिसरातील मगिद्दो तुरुंगाच्या आवारात विस्ताराचे काम सुरू असताना योतम तेप्पर यांच्या देखरेखीखालील उत्खननात एक प्रार्थनागृह सापडले. खोदकामात कैद्यांनीही मजुरी केली होती.

या दालनाच्या फरशीवरील रंगीत खड्यांच्या चित्रकामात मध्यभागी दोन मासे आहेत आणि ग्रीक भाषेतील तीन लेख आहेत. एका लेखात गायानुस ऊर्फ पोर्फिरियुस या शताधिपतीने ही फरशी स्वखर्चाने करवून घेतल्याची नोंद असून त्याला ‘आमचा बंधू’ असे संबोधले आहे. दुसऱ्यात प्रिमिल्ला, कुरियाका, दोरोथेया आणि ख्रेस्ते या चार स्त्रियांचे स्मरण केले आहे. तिसऱ्या लेखानुसार अकेप्तुस नावाच्या देवभक्त स्त्रीने ‘देव येशू ख्रिस्त’ याला मेज अर्पण केले. उत्खनकांनी ही वास्तू इ. स. २३० च्या सुमाराची मानली आहे. काही अभ्यासक तिला थोडी नंतरची ठरवतात. पहिली कालगणना ग्राह्य धरल्यास, छळाचा काळ संपण्यापूर्वी सुमारे ८० वर्षे, लीजनच्या छावणीशेजारी एक सेनाधिकारी उघडपणे ख्रिस्ती म्हणून आपले नाव जमिनीवर कोरवून घेत होता. रोमन सैन्य आणि ख्रिस्तसभा यांचे नाते केवळ छळ करणारे व छळ सोसणारे एवढेच मर्यादित होते, ही समजूत या एका फरशीने डळमळीत केली आहे. ही फरशी २०२४ साली वॉशिंग्टन येथील बायबल संग्रहालयात प्रदर्शित करण्यात आली होती.

युफ्रेटिसच्या काठावरील दुरा-युरोपसची कथा याहून विलक्षण आहे. १९२० साली तेथे ब्रिटिश सैन्याची तुकडी खंदक खणीत असताना प्राचीन भित्तिचित्रे दृष्टीस पडली. पुढे येल विद्यापीठ व फ्रेंच अकादमी यांनी १९२८ ते १९३७ या काळात येथे उत्खनन केले. या नगराचा उत्तरेकडील भाग रोमन सैन्याने आपला तळ म्हणून व्यापला होता. पश्चिम तटाला लागून असलेल्या एका साध्या घरात, १९३१–३२ च्या हंगामात, ख्रिस्ती प्रार्थनागृह आणि बाप्तिस्म्याचे दालन सापडले. भिंतीच्या गिलाव्यावर कोणीतरी ओरखडलेल्या तारखेवरून हे घर इ. स. २३२–३३ च्या सुमाराचे ठरते. बाप्तिस्म्याच्या कुंडावर उत्तम मेंढपाळ चितारलेला आहे. बाजूच्या भिंतींवर पक्षाघाती माणसाचे बरे होणे आणि पाण्यावरून चालणारे येशू व पेत्र दिसतात. विहिरीवर पाणी काढणारी एक स्त्रीही आहे. तिला दीर्घकाळ शोमरोनी स्त्री मानले जाई. ती पवित्र मरिया असून तो देवदूताच्या निरोपाचा प्रसंग असावा, असे मत मायकल पेपार्ड यांनी २०१६ साली मांडले. ते सर्वमान्य झालेले नसले, तरी मरियाभक्तांना विचार करायला लावणारे आहे.

हे घर टिकले कसे? इ. स. २५६ च्या सुमारास सासानी सैन्याने नगराला वेढा घातला. तट खचू नये म्हणून रोमन सैनिकांनी त्याच्या आतील बाजूची घरे मातीने भरून प्रचंड बांध घातला. त्या मातीत यहुदी सभास्थान गेले आणि ख्रिस्ती प्रार्थनागृहही गेले. नगर तरी वाचले नाहीच. ते पडले आणि पुन्हा वसले नाही. सैनिकांच्या फावड्यांनी बुजलेली भित्तिचित्रे मात्र सुमारे १७०० वर्षे सुरक्षित राहिली. बाप्तिस्मा-दालनाची चित्रे आज येल विद्यापीठाच्या कलादालनात आहेत. मूळ स्थळाची २०११ नंतरच्या सीरियातील यादवीत लुटारूंनी मोठी हानी केली.

इंग्लंडच्या उत्तर सीमेवरील विंडोलांडा येथेही असाच अनुभव आला. या किल्ल्यात १९७३ पासून शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या सापडत आहेत आणि त्यांत एका अधिकाऱ्याच्या पत्नीने मैत्रिणीला वाढदिवसासाठी धाडलेले निमंत्रणही आहे. याच किल्ल्यातील कोसळलेल्या चर्चच्या ढिगाऱ्यात क्रूस, मासे व जहाजे रेखाटलेल्या शिशाच्या एका पेल्याचे १४ तुकडे मिळाल्याचे २०२० साली जाहीर झाले. सैन्य निघून गेल्यावर तळाच्या भिंतींच्या आत प्रार्थना चालू राहिली होती.

महाराष्ट्रात रोमन सैन्य होते काय?

या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. पश्चिम किनाऱ्याशी रोमन जगाचा व्यापार मोठा होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती, नेवासे येथे मिळालेले मद्यकुंभांचे तुकडे आणि तेर येथील अवशेष यांची साक्ष देतात. लेण्यांतील लेखांत ‘यवन’ दात्यांची नावे येतात. पांडवलेण्यांतील १७ क्रमांकाचे लेणे दत्तामित्री येथील इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानेच कोरविले. पण हे व्यापारी व स्थायिक होते, सैनिक नव्हते. दख्खनच्या भूमीवर कोणा रोमन लीजनने कधी खंदक खणला नाही.

तरीही रोमन व्यापाराची झळ येथील युद्धांना लागली होती. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात असे नमूद आहे की, कल्याण बंदराचा व्यापार रोखला गेला असून तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. बंदरे आणि त्यांच्याकडे उतरणारे घाट कोणाच्या ताब्यात राहावेत, यासाठी क्षहरात क्षत्रप आणि सातवाहन यांच्यात जो झगडा चालला, त्याचे एक मुख्य रणक्षेत्र नाशिकचा परिसर होता.

गोवर्धनची छावणी

क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याने पांडवलेण्यांतील १० क्रमांकाचे लेणे दान दिले. त्याच्या लेखांत गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे व्याजाने ठेवलेल्या रकमांचा तपशील आहे, तसाच पावसाळ्यात सैन्य घेऊन वेढ्यात सापडलेल्या उत्तमभद्रांच्या सुटकेसाठी गेल्याचाही उल्लेख आहे. नंतर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळील जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी ९,००० पेक्षा अधिक नाण्यांवर, नहपानाच्या मुद्रेवरच गौतमीपुत्राचा छाप पुन्हा मारलेला आहे. या साठ्याचा अभ्यास करून तो प्रसिद्ध करणारे रेव्ह. एच. आर. स्कॉट हे मिशनरी होते.

विजयानंतर गौतमीपुत्राने जी आज्ञा काढली ती ३ क्रमांकाच्या लेण्यात कोरलेली आहे. राज्यवर्ष १८, पावसाळ्याचा दुसरा पक्ष, पहिला दिवस अशी तिची तिथी आहे आणि ती ‘विजयखंधावार’ म्हणजे विजयी सेनेच्या छावणीतून निघाली आहे. संस्कृतातील ‘स्कंधावार’ शब्दाचे हे प्राकृत रूप होय. ही छावणी नेमकी कोठे होती याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. लेखातील ‘गोवर्धन’ व ‘बेनाकटक’ या शब्दांचा अन्वय कसा लावायचा यावर ते अवलंबून आहे. गोवर्धन हे मात्र नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकाठी असलेले आजचे गोवर्धन, हे सामान्यतः मान्य आहे. काळाविषयीही दोन मते आहेत. जुनी गणना ही आज्ञा इ. स. १२४ च्या सुमारास ठेवते. नाण्यांच्या नव्या अभ्यासानुसार नहपानाचा अंत पहिल्या शतकातच झाला असावा. दुसरे मत खरे ठरल्यास मसादाचा वेढा आणि गौतमीपुत्राची ही छावणी यांत फार थोड्या वर्षांचे अंतर उरते.

आज्ञेचा आशय लक्ष देण्याजोगा आहे. गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित याला राजा कळवितो की, पश्चिम कखडी गावातील, आजवर ऋषभदत्ताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरील भिख्खूंना दिले आहे. त्या शेताला सवलतीही आहेत. त्यात कोणी प्रवेश करू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये, प्रांताच्या अधिकाऱ्यांनी तेथे ढवळाढवळ करू नये. ‘प्रवेश करू नये’ हा निर्बंध राजसैनिकांना व अधिकाऱ्यांना उद्देशून आहे, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. म्हणजे सैन्याने शेतात शिरू नये, ही आज्ञा सैन्याच्या तळातूनच निघाली.

याच लेखाला जोडून सहा वर्षांनंतरची दुसरी आज्ञा आहे. ती राजा आणि राजमाता या दोघांच्या नावे आहे. दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसत नाही, म्हणून नगराच्या हद्दीतील राजाच्या मालकीच्या जमिनीपैकी १०० निवर्तने भिख्खूंना द्यावीत, असे तीत म्हटले आहे. गाव ओस का पडले हे लेखात सांगितलेले नाही. पण दोन सत्तांच्या झुंजीत सापडलेल्या प्रदेशातील ते गाव होते, एवढे तर त्याच भिंतीवरून कळते. विजयाच्या प्रशस्ती अनेक राजांनी कोरविल्या आहेत. आपल्या विजयानंतर एक गाव उठून गेले, हे राजाच्याच आज्ञेत नोंदले जाणे विरळा. या परिसरातील एकंदर लेखांत आम्हांस या चार-दोन शब्दांचे मोल सर्वाधिक वाटते.

भारतीय छावणी कशी असावी याचे वर्णन कौटिलीय अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात आहे. जागेच्या सोयीप्रमाणे ती गोल, लांबट वा चौकोनी आखावी, तिला चार दरवाजे, सहा मार्ग व नऊ विभाग असावेत, धोका असल्यास वा मुक्काम लांबणार असल्यास खंदक, तट व बुरूज करावेत, असे तेथे सांगितले आहे. पॉलिबियसच्या वर्णनाशी याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. फरक एवढाच की, रोमन तळाचा आकार ठरलेला असल्यामुळे आकाशातून तो ओळखता येतो. जमिनीच्या वळणाने गेलेला भारतीय तळ तसा ओळखणे अवघड आहे.

वणीचा ताम्रपट

नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटरवर, दिंडोरी तालुक्यात, सप्तशृंगगडाच्या पायथ्याच्या बाजूस वणी हे गाव आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा ताम्रपट याच गावाच्या नावाने इतिहासात ओळखला जातो. शके ७३०, व्यय संवत्सर, वैशाखी पौर्णिमा ही त्याची तिथी असून ती इ. स. ८०७ च्या सुमारास येते. नाशिक देशातील वटनगर विषयामधील अंबकग्राम हे गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. वटनगर म्हणजेच वणी असावे, असे मानले जाते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते दानाच्या वेळचे राजाचे ठिकाण. तो त्या वेळी ‘मयूरखंडी’ येथे मुक्कामाला होता. डॉ. ब्यूलर यांनी मयूरखंडी म्हणजे वणीच्या उत्तरेस, सप्तशृंगगडासमोर उभा असलेला मार्कंड्या किल्ला असे सुचविले. त्यावरून मयूरखंडी ही राष्ट्रकूटांची आरंभीची राजधानी होती, असे काही काळ लिहिले जाऊ लागले. डॉ. अ. स. अळतेकर यांनी राष्ट्रकूटांवरील आपल्या १९३४ च्या ग्रंथात या मताला हरकत घेतली. ताम्रपटातील शब्द मुक्कामाचे द्योतक आहेत, राजधानीचे नव्हेत. तेव्हा ते ठिकाण लष्करी ठाणे असावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. १३०० मीटरहून उंच, माथ्यावर मर्यादित जागा असलेला हा डोंगर ज्यांनी चढला आहे, त्यांना अळतेकरांचे म्हणणे सहज पटावे. मोठ्या सेनेचा तळ अशा माथ्यावर मावत नाही. किल्ल्यावर पहारा आणि पायथ्याच्या मैदानात, पाण्याजवळ सेना, अशीच व्यवस्था संभवते. घाटमाथ्यावरील हा पट्टा पुढेही सैन्यांच्या वाटेवर राहिला. सुरतेच्या दुसऱ्या स्वारीवरून परतताना छत्रपती शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६७० मध्ये दाऊदखान कुरेशीच्या मोगल फौजेशी दिलेली लढाई ‘वणी-दिंडोरीची लढाई’ म्हणूनच प्रसिद्ध आहे.

डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी १९५०–५१ मध्ये नाशिक येथे गोदाकाठच्या टेकाडावर उत्खनन करून नगराची प्राचीनता सिद्ध केली. ते नगराचे संशोधन होते. छावण्या नगराबाहेर, मोकळ्या रानात असतात आणि आपल्याकडे त्याच रानावर आज द्राक्षबागांचे मांडव, शेततळी व वसाहती उभ्या आहेत. सपाटीकरणाच्या यंत्राने एका दिवसात वरचा हातभर थर निघून जातो. सीरियात जे अवशेष फादर पॉइडबार्ड यांच्या छायाचित्रांत तरी उरले, तशी छायाचित्रे आपल्या शेतांची काढून ठेवलेली असती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. जुन्या उपग्रह-छायाचित्रांचा मार्ग मात्र येथेही अवलंबिता येण्याजोगा आहे. मांडव उभे राहण्यापूर्वीची जमीन त्यांत पाहावयास मिळू शकते.

शेतात जुनी वस्तू आढळल्यास

जोगलटेंभीची नाणी असोत वा दानपत्रे, अशा वस्तू बहुधा प्रथम शेतकऱ्याच्या वा मजुराच्या हाती लागतात. म्हणून कायद्याची थोडी माहिती उपयुक्त ठरेल. १८७८ च्या भारतीय निखातनिधी अधिनियमानुसार, जमिनीत सापडलेल्या १० रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. वर्दीत वस्तूंचे स्वरूप व अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि दिवस ही माहिती द्यावी लागते. ठेव्यावर कोणाचा हक्क सिद्ध न झाल्यास आणि वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा व उरलेला जमीनमालकाचा असतो. शासनाला ठेवा स्वतःकडे घ्यावयाचा असेल, तर धातूची किंमत व तिच्यावर आणखी एक पंचमांश रक्कम द्यावी लागते. वर्दी न देणे हा मात्र गुन्हा आहे. नाणी घासूनपुसून चकचकीत करू नयेत. ती ज्या मडक्यात मिळाली त्याच्या खापऱ्याही जपून ठेवाव्यात, कारण कालनिर्णयाला अनेकदा त्याच अधिक उपयोगी पडतात.

पांडवलेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. वर उल्लेखिलेल्या गौतमीपुत्राच्या दोन्ही आज्ञा ३ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत, पूर्वेकडील भिंतीवर छताखाली, एकापाठोपाठ एक कोरलेल्या आहेत.